लोकांच्या चळवळींवर रिसर्च करायला डॉक्युमेंटरी वापरता येते का?

येते की, पण नुसत्या मुलाखती शूट करून भागत नाही. खरा माल मीटिंगमध्ये मिळतो, कोण सारखं बोलतंय, कोण मागे भिंतीला टेकून गप्प बसलंय, हे वहीत नीट उतरतच नाही. कॅनडातल्या फोगो बेटाचं बघा, १९६७ च्या सुमारास तिथल्या लोकांना दुसरीकडे हलवायचं घाटत होतं, तेव्हा फिल्ममेकर कॉलिन लो यांनी छोट्या छोट्या फिल्म करून बेटावरच्याच लोकांना दाखवल्या, एकमेकांचं ऐकून कळलं की अडचणी सगळ्यांच्या सारख्याच आहेत, पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. म्हणून रफ कट, म्हणजे फिल्मचं कच्चं एडिट, आधी ज्यांना शूट केलंय त्यांनाच दाखवा, आणि त्यावरची चर्चापण रेकॉर्ड करा. आणि हो, चेहरे दाखवायच्या आधी विचारा, फुटेज उद्या कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.