दुर्योधनाला वीर म्हणायचं का? छल, छळ आणि वीरगळ

‘ऊरुभंग’ वाचून तुम्ही विचारालाय की मांडी मोडून पडलेल्या दुर्योधनाला वीर म्हटलं तर चालतंय काय, का तो शब्द भीमासाठीच ठेवायचा. चालतंय की ओ! मी तर म्हणेन संस्कृत नाटककार भासाच्या त्या एकांकी नाटकात वीर शब्दावर पहिला हक्क त्याचाच.

गदायुद्धात कमरेखाली मारायचं नसतं, भीमाने तो नियम मोडला, तोही कृष्णाने स्वतःच्या मांडीवर थाप मारून खूण केल्यावर. मग बलराम नांगर घेऊन भीमाला संपवायला निघतो, अश्वत्थामा रात्री छापा घालायची शपथ घेतो, म्हणजे रागाचा सगळा शूरपणा बाकीच्यांकडे आणि ज्याचं मोडलंय तोच त्यांना आवरतोय. बारका दुर्जय बापाच्या मांडीवर बसायला येतो, तर मांडीच राहिलेली नाही, आणि त्या पोराला बाप सांगतो काय, माझी केलीस तशी पांडवांची सेवा कर! पौरवी राणीचं तर एवढंच, की मी अग्निप्रवेश ठरवलाय म्हणून रडत नाही. आज ते ऐकवत नाही, पण त्या नाटकाच्या हिशेबात हेसुद्धा वीरपणच.

आता आपल्या भागातली गंमत. दहाव्या शतकातल्या पंप या कन्नड कवीने ‘विक्रमार्जुनविजय’ या काव्यात महाभारतातला कोण कशात मोठा हे एका पद्यात सांगितलंय, सत्यात कर्ण, धनुर्विद्येत द्रोण, साहसात अर्जुन, आणि सुरुवातच ‘छलदोळ् दुर्योधनम्’, म्हणजे छलात दुर्योधन, अशी. आपल्यातला मराठी माणूस हे ऐकून लगेच मान डोलावतो, बरोबर, छळलंच की त्याने पांडवांना. तसं नाही ते! कन्नडात छल म्हणजे जिद्द, एकदा धरलं की न सोडणं. संस्कृतात छल म्हणजे कपट आणि मराठीत छळ म्हणजे त्रास. दुर्योधनाला तिन्ही बसतात हा भाग वेगळा, पण पंप तिथं त्याचं कौतुक करतोय.

आणि वीर म्हणाल तर नाटकाच्या शेवटी मरणाऱ्या दुर्योधनाला अप्सरा दिसायला लागतात आणि हजार हंस जोडलेलं विमान न्यायला येतं, त्याला भासाचा शब्दच ‘वीरवाही’, वीरांना नेणारं. हे चित्र कुठंतरी बघितलंय असं वाटत असेल तर एखाद्या जुन्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, शोधा. खाली लढाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. (गळ मासे धरायचा नव्हे, कन्नड कल्लु म्हणजे दगड, वीरगल्लुचं आपण वीरगळ केलं.) कोण राजासाठी मेला, कोण गावची गुरं सोडवताना, पण तो एरवी भला होता का उधारी बुडवायचा हे दगड विचारत नाही, लढताना पडला की वीर.

तेव्हा ‘वीर दुर्योधन’ बिनधास्त लिहा, ‘आदर्श’ तेवढं लिहू नका. भीमाचं म्हणाल तर तो या नाटकात स्टेजवर येतच नाही, त्याची सगळी मारामारी तीन सैनिक येऊन सांगतात.