‘क्लास’ म्हणजे वर्गखोली नव्हे

भुसावळच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या (संगणकाचा प्रोग्राम क्लास आणि ऑब्जेक्ट यांतून रचण्याच्या पद्धतीच्या) शिकवणीत तिला सांगितलं गेलं की क्लास म्हणजे वर्ग, ऑब्जेक्ट म्हणजे त्यात बसलेली मुलं आणि व्हेरिएबल म्हणजे डबा. हे बरोबर का? आणि मराठीत लिहायचं तर ‘क्लास’ला वर्ग म्हणावं की साचा, ‘व्हेरिएबल’ला चल की चर?

‘वर्ग’ हा शब्द बरोबर आहे, त्याचं स्पष्टीकरण साफ चुकीचं. जळगाव-धुळ्याकडे ही बाकांवर बसलेली मुलं मी इतक्यांदा ऐकली आहेत की आता चीड येते. खोलीचं चित्र एकदा डोक्यात बसलं की पोरं विचारतात, ‘सर, एका क्लासमध्ये किती ऑब्जेक्ट मावतात?’ त्यांची काही चूक नाही. दिलेल्या चित्रातून हाच प्रश्न निघणार. मुळात प्रोग्रामिंगमधल्या या शब्दाचा शाळेशी संबंधच नाही. तो नॉर्वेतल्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून आला, आणि त्यांच्यापुढे टोनी होअर यांनी मांडलेली ‘रेकॉर्ड क्लास’ची कल्पना होती. म्हणजे एकाच घडणीच्या नोंदींचा प्रकार.

रावेर-यावलकडचा केळीचा घड घ्या. घड म्हणजे काय ते एकदा लिहायचं: त्याला वजन असतं, फण्या असतात, तो कापता येतो, तोलता येतो. झाला क्लास, आणि त्यात एकही केळं नाही. मग बागेतला एक घड, वजन २२ किलो, फण्या ९. शेजारचा दुसरा, १८ किलो, फण्या ८. ही ऑब्जेक्ट. वजन आणि फण्या ही ज्याची त्याची चलं, म्हणजे व्हेरिएबल, एकाचं बदललं तरी दुसऱ्याचं हलत नाही. पण त्या दिवसाचा क्विंटलचा भाव सगळ्या घडांना एकच. तो प्रत्येक घडापाशी वेगळा लिहिला तर भाव फिरल्यावर शेकडो ठिकाणी खोडाखोड करावी लागेल, म्हणून तो क्लासपाशी एकदाच लिहायचा. जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत अशा चलाला ‘स्टॅटिक’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘न बदलणारं’ असा सांगणारेही भेटतात, तोही चूक. भाव रोज बदलतो की! न बदलणाऱ्यासाठी जावात ‘फायनल’ हा वेगळा शब्द आहे.

आता ‘वर्ग’. संस्कृतात वृज् असा धातू आहे: वळवणं, वेगळं काढणं, बाजूला ठेवणं. युज् पासून योग, त्यज् पासून त्याग, भज् पासून भाग, तसा वृज् पासून वर्ग. ‘ज’चा ‘ग’ होण्याचा हा नियम पाणिनीने ७.३.५२ या सूत्रात सांगितला आहे. आणि याच वृज् पासून निघाला ‘वर्ज्य’! एकादशीला भात वर्ज्य, भूप रागात मध्यम आणि निषाद वर्ज्य, तोच हा शब्द. एका आईची ही दोन लेकरं आहेत हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून मला ‘क्लास’पेक्षा ‘वर्ग’ जास्त नेमका वाटतो. वर्ग करणं म्हणजे आत काय हे ठरवताना बाहेर काय हेही ठरवणं. प्रोग्रामिंगमधल्या ‘प्रायव्हेट’चं काम याहून वेगळं काय आहे? घडाचं वजन बाहेरच्या कुणीही थेट बदलू नये, तोलण्याच्या पद्धतीतूनच ते बदलावं. बाहेरच्याला ते वर्ज्य.

आणि ही कल्पना आपल्याकडे बाराखडीच्याही आधी शिकवतात. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. प्रत्येकात पाच वर्ण. उच्चाराचं स्थान अख्ख्या वर्गाला एकच: क-वर्गाचं कंठ, प-वर्गाचं ओठ. घोष (स्वरतंतूंचा कंप) आणि प्राण (श्वासाचा जोर) मात्र वर्णागणिक बदलतात. ‘क’ अघोष अल्पप्राण, ‘ख’ अघोष महाप्राण, ‘ग’ घोष अल्पप्राण, ‘घ’ घोष महाप्राण, ‘ङ’ अनुनासिक. म्हणजे स्थान हे वर्गाचं चल, घोष आणि प्राण ही ज्या त्या वर्णाची चलं. ज्या शिक्षकाला खोलीशिवाय उदाहरण सुचत नाही त्याने फळ्यावर या पाच ओळी लिहाव्यात. पोरांना त्या पाठच असतात.

‘साचा’वाले विद्वान मला कधीच पटले नाहीत. साच्यातून मूर्ती काढली की तिचा साच्याशी संबंध संपतो, साचा फोडला तरी मूर्तीला काही होत नाही. ऑब्जेक्टचं तसं नाही. ‘तोल’ म्हटलं की कसं तोलायचं ते घड आपल्या वर्गातच बघतो, भावही तिथलाच घेतो. शिवाय सी प्लस प्लस या भाषेत ‘टेम्प्लेट’ ही निराळीच गोष्ट आहे आणि मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला साचाच म्हणतात. मग तिथे या मंडळींनी काय लिहायचं ठरवलंय?

चल की चर, यात वाद नको. आपल्या शाळेच्या बीजगणितात ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ आहेत. ‘चर’ हिंदी पुस्तकांतला. मराठीत चर खणतात. डोंगरउतारावर पाणी अडवायला केलेले सलग समतल चर आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोराला ठाऊक असतात.

राहिला डबा. पायथन या भाषेत ‘मोठा’ हे नाव पहिल्या घडाला दिलं आणि ‘पहिला’ हेही त्यालाच दिलं, तर घड एकच राहतो. ‘मोठा’चं वजन बदललं की ‘पहिला’चंही बदललेलं दिसतं. दोन डबे असते तर हे झालं असतं का? तिथलं चल हे नाव आहे, आणि हे नाव देणं आपल्याला नवं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा १२०७ चा शिलालेख आहे. त्या आजोबांच्या बीजगणितात अज्ञात संख्येला म्हणतात अव्यक्त, आणि अव्यक्तांची नावं यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. पहिलं म्हणजे ‘जितकं-तितकं’, अहिराणीत जितलं-तितलं. पुढची सगळी रंगांची नावं.

फरक एवढाच, की बीजगणितातला अव्यक्त एका उदाहरणात आपली किंमत बदलत नाही, प्रोग्राममधलं चल पुन्हा पुन्हा नवी किंमत घेतं. म्हणून पहिल्याच तासाला फळ्यावर ‘वजन = वजन + १’ लिहावं. बीजगणित शिकून आलेलं पोर तिथे हमखास अडतं, कारण समीकरण म्हणून ते खोटं आहे. प्रोग्राममध्ये ती आज्ञा आहे: उजवीकडची बेरीज आधी कर, आणि येईल त्याला आता ‘वजन’ म्हण.