वाकडा झाला तरी तोच तारा पडवीत लाव

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचलं. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची, दोघं हाती लागेल ते विस्कटतात, म्हणून यंदा नाताळचा तारा आणि येशूजन्माचा गोठा तयारच आणावा का, असं विचारतेस. आणू नकोस. घरात मांडलेल्या प्रत्येक वस्तूला मुलांचा हात लागला पाहिजे. तुझा वेळ जाईल, पसारा होईल, सगळं मान्य. तरीही.

डिसेंबरच्या पहिल्याच रविवारी ताऱ्याला बस. चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, १० काठ्या तासून घे, प्रत्येक बरोबर ४५ सेंमी. एक जरी बोटभर लांब राहिली तरी तारा कलतो. प्रत्येक काठीवर दोन्ही टोकांपासून १७ सेंमीवर पेन्सिलीने खूण कर; काठ्या त्या खुणांवरच एकमेकींवरून गेल्या पाहिजेत. पाच-पाच काठ्यांचे दोन सांगाडे बांध, त्यांची पाचही टोकं एकमेकांना बांध, मग आतल्या पाच फुल्यांपाशी १०-१० सेंमीच्या आडकाठ्या घालून पोट फुगव. तासणं तुझं. खुणा करणं थोरल्याचं. गाठ मारताना काठी धरणं धाकटीचं. आणि कागद चिकटवणं दोघांचं, तिथे तू हात घालायचा नाहीस! फक्त मैद्याची खळ दाट शिजवून दे, पातळ खळीने पतंगाचा कागद भिजून फाटतो. सुरकुत्या पडतील. पडू देत. आत ५ वॅटचा एलईडी बल्ब पुरे. जुना तारेचा बल्ब कागद करपवतो. तारा माडाला टांगू नकोस, रात्रीच्या दवाने खळ सुटते. पडवीतल्या वाशाला टांग.

गोठ्यासाठी मूर्तींची किंमत बघत बसू नकोस. १२२३ साली संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चोला गोठा मांडला तो गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर. तुझ्याकडे भात झोडलेलं गवत आहेच. ते दोन दिवस उन्हात घाल, नाहीतर किडे घरभर होतील. सिमेंटच्या पिशवीचा कागद चुरगाळला की डोंगर होतो, आणि चिऱ्याचे तुकडे गोळा करायला मुलांना सांगावंही लागत नाही. गवताजवळ मेणबत्ती मात्र अजिबात नको.

शेजारी नवरात्रात रुजवण घालतात, म्हणजे धान्य पेरून कोंब आणतात, तशीच आपण गोठ्यापुढे घालू. नारळाची डोळ्यांकडची करटी घे आणि मऊ डोळा खिळ्याने फोड, म्हणजे पाणी साचून बुरशी येणार नाही. गहू रात्रभर भिजवून १३ डिसेंबरला पेर. पाणी धाकटी घालेल, चमच्याने. तांब्या तिच्या हाती दिलास तर बी तरंगेल.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही. ती मुलांनीच ठेवायची. बाळाला भेटायला येणारे तीन राजे घराच्या पार दुसऱ्या टोकाला ठेव आणि २५ पासून रोज थोडे पुढे सरकवायला लाव. ६ जानेवारीला पोचू देत.

आता कलकल, आपला नाताळचा तळणीचा गोड खाऊ. पाव किलो मैदा, दोन मोठे चमचे बारीक रवा, दोन चमचे कडकडीत तूप, ५० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडं, चिमूटभर मीठ. नारळाचा दाट रस लागेल तसा, थोडा थोडा. पीठ घट्ट हवं. सैल झालं तर रेघा तळताना पुसल्या जातात. साखर जास्त झाली तर कलकल तेलात फुटतात आणि आतून शिजायच्या आधीच काळे पडतात. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेव. मग गोटीएवढ्या गोळ्या. थोरल्याला काटा-चमच्यातल्या काट्याची पाठ दे, धाकटीला नवी कोरी फणी. गोळी त्यावर पातळ दाबायची, गुंडाळायची, शेवटची कड चिमटायची. कड सुटली तर कलकल कढईत उलगडतो. जाड राहिला तर दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. तळताना आच मध्यम ठेव आणि मुलांना बाहेर काढ, इथे माझा नियम थांबतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नकोस.

मुलांचे कलकल वेडेवाकडे होतील आणि तुझा हात आपसूक पुढे जाईल. मागे घे तो! सुबक नेवऱ्यांसाठी मी पोरांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, ती वर्षं परत मिळत नाहीत. मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. तुझ्या सासूबाई नाक मुरडतील, तर माझं नाव सांग.

शेजाऱ्यांकडे त्यांच्या दिवाळीच्या फराळाच्या बदल्यात जाणारी ताटंही मुलांनीच न्यायची. काचेची बशी नको, झाकणाचा स्टीलचा डबा दे, आणि आधी एका घरी तू सोबत जा.

नाताळच्या झाडासाठी सुरूची फांदी स्वतःच्या परसातलीच घे, किनाऱ्यावरच्या बनातली नाही. ती २३ ला तोड आणि ओल्या वाळूच्या बादलीत रोव. आठवडाभर आधी आणलीस तर वाळून खोलीभर सुया पडतात. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, मुलं टिकतील का म्हणतेस? दुपारी दोन तास झोपव. नाहीच टिकली तर २५ ला सकाळची मिस्सा आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?

राजे पोचले की गोठा आवर. गवत गुरांना, रुजवण कोंबड्यांना. ताऱ्याचा कागद फाडायचं काम दोघांना दे, पण सांगाडा माळ्यावर ठेव. पुढच्या वर्षी खुणा आयत्या असतील, आणि तोवर धाकटीला गाठ मारता येऊ लागेल.