सर्किट कोडमध्ये उतरवताना: वेव्ह डिजिटल फिल्टरवर तुमचे प्रश्न

गिटारच्या डिस्टॉर्शन पेडलचा (आवाज फाटवणारी पेटी) टोन, क्लिपिंग (लाटेचे शेंडे कापणं), व्हॉल्यूम असा एकेक भाग वेगळा फिल्टर म्हणून लिहिला. एकेकटा बरोबर येतो, पण सगळे जोडले की खऱ्या पेडलसारखं वाजत नाही. कुठे चुकतंय? (डोंबिवली)

जोडण्यातच चुकतंय. चाळीत राहिला असाल तर माहितीये, तळमजल्यावर कुणी नळ सोडला की तिसऱ्या मजल्यावरची धार बारीक होते. सर्किटातही पुढचा भाग मागच्यावर ओझं टाकतो. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा साधा लो-पास (वरचे सूर कमी करणारा फिल्टर) घ्या, कटऑफ, म्हणजे जिथून कापायला लागतो ती जागा, १.५९ किलोहर्ट्झ. त्याच्यापुढे १० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट (नॉबने बदलणारा रेझिस्टर) लावला की लेव्हल तर निम्मी होतेच, पण कटऑफपण उडी मारून ३.१८ वर जातो. तुमच्या कोडमध्ये सिग्नल फक्त पुढे पळतोय, मागे काहीच येत नाही, मग हे दिसणार कुठून.

वेव्ह डिजिटल फिल्टर इथेच कामाला येतात. जर्मनीत बोखुमला आल्फ्रेड फेटवाइस यांनी १९७० च्या सुमारास ही पद्धत काढली, गिटारसाठी नाही हां, त्यांचं काम फिल्टर नेटवर्कचं होतं. व्होल्टेज आणि करंट वेगवेगळे धरायचेच नाहीत. व्होल्टेज अधिक (पोर्ट रेझिस्टन्स गुणिले करंट) ही आत जाणारी लाट, आणि वजा केलं की बाहेर येणारी. पोर्ट रेझिस्टन्स म्हणजे भाग जिथे जोडतो त्या टोकासाठी आपण निवडलेला आकडा. मग गंमत बघा, पोर्ट रेझिस्टन्स नीट निवडला तर रेझिस्टरमधून काहीच परत येत नाही, सगळं गिळतो, आणि कपॅसिटर मागच्या सॅम्पलला (आवाजाचा एकेक मोजलेला आकडा) आत गेलेली लाट जशीच्या तशी परत देतो. म्हणजे अख्खा कपॅसिटर कोडमध्ये एका सॅम्पलचा उशीर! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी लोकलमध्ये होतो आणि माझं स्टेशन गेलं. मधे सिरीज नाहीतर पॅरलल अ‍ॅडॅप्टर बसतात, कोणाला किती लाट जाणार ते वाटतात, त्यामुळे पुढच्याचं ओझं मागच्याला आपोआप कळतं.

४४.१ ला बरोबर वाजतं, प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झला उघडलं की टोन बदलतो. (माटुंगा, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष)

सॅम्पल रेट (सेकंदाला किती सॅम्पल) कोडमध्ये ठोकून ठेवलाय ना? कपॅसिटरचा पोर्ट रेझिस्टन्स म्हणजे १ भागिले (२ × सॅम्पल रेट × कपॅसिटन्स). ४७ नॅनोफॅरडला ४४.१ वर साधारण २४१ ओहम येतात, ४८ वर २२२. रेट बदलला की हे परत काढा आणि वरचे सगळे अ‍ॅडॅप्टरही परत काढा, अर्धवट काढलं तर आणखी विचित्र वाजेल.

ते करूनही वरच्या पट्टीत थोडा फरक राहणारच, कारण ही पद्धत आतून बायलिनियर ट्रान्सफॉर्म (सर्किटाचं गणित सॅम्पलच्या गणितात बदलायची रीत) वापरते आणि ती फ्रिक्वेन्सी खाली दाबते. सर्किटात १० किलोहर्ट्झला जे घडतं ते ४४.१ च्या कोडमध्ये ८.७ च्या आसपास घडतं. दुप्पट रेटला चालवलं तर ९.६, चौपटला ९.९.

आमची बेंजो पार्टी आहे. बेंजोला लॅपटॉपमधून ट्यूब स्क्रीमर या डिस्टॉर्शन पेडलसारखा आवाज देता येईल का? मुलगा कोडिंग करतो. (गिरगाव)

येईल की! मुलाला सांगा, त्या पेडलमध्ये ऑपअ‍ॅम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) उलट्या इनपुटकडून ग्राउंडला ४.७ किलोओहम आणि ४७ नॅनोफॅरड आहेत, त्याने ७२० हर्ट्झच्या खाली गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) उतरत जातो, म्हणून खालचा आवाज कमी फाटतो आणि मधला पुढे येतो. ऑपअ‍ॅम्प आदर्श धरला की सर्किटाचे दोन तुकडे पडतात. पहिल्यात या दोघांमधून जाणारा करंट काढायचा, तोच दुसऱ्यात म्हणजे फीडबॅकमध्ये ढकलायचा, जिथे डायोड, ५१ पिकोफॅरड आणि ड्राइव्हचा पॉट आहे, पॉटला सिरीजमध्ये ५१ किलोओहमही आहेत, आणि आलेल्या व्होल्टेजमध्ये इनपुट मिळवायचं. साध्या झाडासारख्या रचनेत नॉनलिनियर वस्तू (डायोडसारखी, जिचा करंट व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नसतो) एकच चालते, तीही मुळाशी. दोन डायोड उलटसुलट असले तरी जोडी मिळून एकच वस्तू धरतात, आणि लॅम्बर्ट डब्ल्यू फंक्शन वापरलं तर दर सॅम्पलला पुन्हापुन्हा अंदाज करत बसावं लागत नाही.

ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे दुप्पट-चौपट रेटला चालवणं, मात्र टाळू नका. ९ किलोहर्ट्झचा सूर डायोडने कापला की पाचवा हार्मोनिक (मूळ सुराच्या पाचपट) ४५ वर जातो, ४४.१ ला तो दुमडून ९०० हर्ट्झवर येऊन बसतो, बेसूर. बेंजोच्या तारांना वरचे सूर भरपूर असतात, लगेच ऐकू येईल. पिकअपचं (तारांची थरथर सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागाचं) ओझं इथे सोडून दिलंत तरी चालेल, पेडलच्या तोंडाशी बफर आहे, तो ओझं मागे जाऊ देत नाही. फझ पेडल असतं तर पिकअपसकट मॉडेल करा म्हटलं असतं.

घरी रेकॉर्डिंगला हे मस्त आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि पावसात लॅपटॉप नेणार असाल तर राहू द्या, सरळ पेडल घ्या.

वाजवणं थांबवलं की सीपीयू उलट वाढतो! (मुलुंड)

डीनॉर्मल, म्हणजे शून्याच्या अगदी जवळचे आकडे. कपॅसिटरमधली लाट विरत विरत इतकी बारीक होते की प्रोसेसर तिच्यावरच अडखळत बसतो. फ्लश-टू-झिरो (असे आकडे सरळ शून्य धरायची सोय) चालू करा, झालं.

सगळं तपासलं, किमती स्कीमॅटिकमधल्याच टाकल्यात, तरी ड्राइव्ह अर्ध्यावर ठेवला की माझ्या पेडलपेक्षा मॉडेल खूप जास्त फाटतं. (घाटकोपर)

नॉब अर्ध्यावर म्हणून तुम्ही ५०० किलोओहमचे २५० टाकले असणार. तो पॉट लॉग टेपरचा आहे हो, म्हणजे नॉबसोबत सारखा वाढत नाही, मधोमध तो एकूणाच्या जेमतेम १० ते १५ टक्के देतो, म्हणजे ५० ते ७५ किलोओहम! आधी हे बदला. नॉब फिरवताना किंमत थोडी स्मूथ करा, नाहीतर करकर ऐकू येते.

मग शेवटाला पोचलेला नॉब जुळतो का बघा. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पॉटवर ५०० लिहिलं होतं, मीटरवर निघाले ४३०. दुकानदाराशी भांडायला गेलो तर म्हणाला, साहेब, वीस टक्के चालतं. चालतं खरं, पण पूर्ण फिरवल्यावर गेन ११८ ऐवजी १०३ येतो, आणि मी दोन रात्री डायोडच्या मॉडेलमध्ये चूक शोधत बसलो होतो. कोडमध्ये ४३० टाकले आणि जुळलं.