तिरफळाच्या मुंग्या आणि बारावीनंतरची वाट

सावंतवाडीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी सायन्सला, गणित सोडून बायोलॉजी घेतलेली. मेडिकलची नीट परीक्षा देणार नाही म्हणते. बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ (आपला कोकणी मसाला) दाताखाली आलं की जिभेला मुंग्या का येतात, हे तिला शिकायचंय. आई विचारते, यात पोटापाण्याचं काही आहे का?

आहे, ताई. आणि पोरीचा प्रश्न पोरकट तर मुळीच नाही. मिरची खाल्ल्यावर भाजल्यासारखं का वाटतं, या प्रश्नामागे अमेरिकेतले शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस लागले. मिरचीला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये त्यांच्या गटाने वेदनेच्या नसांमधली जनुकं थोडी थोडी घातली, वर कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतलं तिखट द्रव्य, टाकलं आणि कुठल्या पेशीत कॅल्शियम शिरतंय ते रंगद्रव्याच्या चमकेवरून पाहिलं. १९९७ साली टीआरपीव्ही-१ सापडला. पेशीच्या पडद्यातला हा दरवाजा साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेनेही उघडतो आणि कॅप्सेसिननेही. कॅल्शियम-सोडियम आत घुसतं, नस निरोप धाडते आणि मेंदू समजतो, भाजलं! पुदिन्यातलं मेंथॉल असंच थंडीचा दरवाजा उघडतं, तोंडातलं तापमान मात्र तेवढंच राहतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्युलियस आणि स्पर्शाचे असेच दरवाजे शोधणारे आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं. तिरफळाच्याच कुळातल्या सिचुआन मिरीत सान्शूल नावाचं द्रव्य असतं. ते पोटॅशियमच्या काही वाहिन्या अडवतं आणि स्पर्शाच्या नसा नुसत्याच जाग्या होतात, असं प्रयोगांत दिसलंय. हे सगळं लेकीला वाचून दाखवा, तिचे डोळे बघा.

नसांच्या जुनाट दुखण्यावर ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी डॉक्टर लावतात, म्हणजे याचं औषधही झालंय.

आता वाट. मला सगळ्यात पसंत पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, पाच वर्षांचा बीएस-एमएस. तिथे आयएटी या प्रवेश परीक्षेतून जातात, नीट लागत नाही. नाहीच जमलं तर जवळच्या चांगल्या कॉलेजात केमिस्ट्री किंवा बायोकेमिस्ट्री घेऊन बीएस्सी, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. त्यातही काही कमी नाही. चव-वासाच्या उद्योगात जायचं असेल तर मैसूरची अन्नतंत्रज्ञान संस्था सीएफटीआरआय आणि मुंबईत माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी डोळ्यांसमोर ठेवा. झटपट हर्बल डिप्लोम्यांवर पैसे घालू नका, कळकळीने सांगते. त्यातून पेशीचं विज्ञान येत नाही.

पैशांचंही स्पष्ट बोलते. संशोधनात जम बसायला तिशी उजाडते. पीएचडीला जेआरएफ ही सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. घर चालवायची जबाबदारी लवकर तिच्यावर येणार असेल तर हा हिशेब आजच तिच्यासमोर मांडा.

अडचण एकच दिसते, गणित. आयएटीत ६० प्रश्न, त्यातले १५ गणिताचे. गणित नसलं तरी परीक्षेला बसता येतं, पण ते १५ सोडून देणं परवडत नाही. अकरावीचं पुस्तक आणून द्या, रोज तासभर. फलनं आणि त्रिकोणमितीपासून सुरुवात करू दे.