शिक्षक परिषदेत ग्रंथालय-तंत्रज्ञानाची ९० मिनिटांची कार्यशाळा घ्यायची आहे, तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : शाळा आणि ग्रंथालयांतल्या तंत्रज्ञानावर शिक्षकांची परिषद आहे, तुम्हाला ९० मिनिटं मिळाली आहेत, समोर ४० जण असतील. काहींकडे लॅपटॉप, बहुतेकांकडे फोन. त्यांच्याकडून कोहा (ग्रंथालयाचं कामकाज सांभाळणारं सॉफ्टवेअर) मध्ये पुस्तकांची नोंद आणि किविक्स (साठवून ठेवलेली संकेतस्थळं वाचायचं सॉफ्टवेअर) वर इंटरनेटशिवाय विकिपीडिया, असं दोन्ही करून घ्यायचं आहे.

दोन्ही करून घेऊ नका. किविक्स लोकांच्या हातात द्या, कोहा तुम्ही पडद्यावर दाखवा. किविक्स तुमच्या लॅपटॉपवर चालतं आणि ते बघायला ब्राउझर असलेला कुठलाही फोन पुरतो. कोहाची नोंद भरायची पानं लांबलचक आहेत, फोनवर ती भरताना माणूस वैतागतो. शिवाय कोहा शिकायचं म्हणजे आधी वर्गणीदारांचे प्रकार, पुस्तकांचे प्रकार, देवघेवीचे नियम हे सगळं समजावं लागतं. ते दीड तासात होत नाही.

अशा कार्यशाळा विषयामुळे क्वचितच फसतात, फसतात त्या नेटवर्कमुळे. म्हणून सर्वांत जास्त वेळ तिथे घाला.

सभागृहाच्या वायफायवर काहीही अवलंबून ठेवू नका. साधा हिशेब करा. ४० जणांनी ५० एमबीचं अ‍ॅप उतरवायचं म्हटलं तर २००० एमबी, म्हणजे १६,००० मेगाबिट. २० एमबीपीएसची लाइन पूर्णच्या पूर्ण तुमच्या खोलीला मिळाली तरी ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून जास्त. ती पूर्ण मिळत नाही, कारण शेजारच्या खोलीतही कोणीतरी हेच करत असतं. दुसरी अडचण पत्त्यांची, म्हणजे नेटवर्क प्रत्येक उपकरणाला देतं त्या आयपी क्रमांकांची. नेटवर्क २५४ पत्त्यांचं असेल आणि ४०० प्रतिनिधी प्रत्येकी फोन-लॅपटॉप घेऊन आले, तर सकाळीच पत्ते संपतात. उपकरण वायफायला 'जोडलेलं' दिसतं पण काही उघडत नाही, आणि तपशिलात पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसतो. आयोजकांना आधीच सांगा : पत्त्यांचा पट्टा १००० च्या आसपास ठेवा आणि पत्त्याची मुदत २४ तासांऐवजी १ तास.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. सार्वजनिक वायफायवर सुरक्षेसाठी एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी व्यवस्था बहुधा केलेली असते. तुमचा लॅपटॉप आणि समोरच्यांचे फोन एकाच वायफायवर असूनही तुमच्या लॅपटॉपवरचं किविक्स कोणाला उघडणार नाही. घरी सगळं चालतं आणि सभागृहात चालत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तेव्हा स्वतःचा राउटर न्या, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही बँडचा. त्याला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, वायफायने नको. फोनचा हॉटस्पॉट पर्याय म्हणून धरू नका, तो साधारण ५ ते १० उपकरणांपुढे जात नाही. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर किविक्स चालवणार असाल तरी पायचं स्वतःचं वायफाय एवढ्या लोकांना पुरणार नाही, तोही केबलनेच राउटरला लावा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि परिषदेच्या इमारतीत ती तिन्ही गजबजलेली असतात. नवे फोन ५ गिगाहर्ट्झवर जाऊ द्या, जुन्या टॅबसाठी २.४ राखा. राउटर टेबलाखाली ठेवू नका. माणसांची शरीरं सिग्नल अडवतात, त्यामुळे तो डोक्यांच्या वर, कपाटावर किंवा स्टँडवर हवा. दोघांत एक उपकरण ठेवलंत तर २० जोडण्या होतात, एवढ्या साधा घरगुती राउटर झेपवतो. चाळीस झाल्या की तो कुरकुरतो. (दोघांत एक ठेवण्याचा आणखी फायदा म्हणजे अडलेला माणूस आधी शेजाऱ्याला विचारतो, तुम्हाला नाही.)

किविक्सच्या फाइली झिम प्रकारच्या असतात. विकिपीडियाच्या बऱ्याच संचांच्या तीन आवृत्त्या मिळतात : मिनी, म्हणजे लेखाची फक्त प्रस्तावना आणि माहितीचौकट, नोपिक, म्हणजे पूर्ण मजकूर पण चित्रं नाहीत, आणि मॅक्सी, सगळं. सरावासाठी एखाद्या विषयाचा छोटा मॅक्सी संच घ्या. चित्रं नसली की शिक्षकांचा उत्साह मावळतो. लॅपटॉपवरच्या किविक्समध्ये स्थानिक सर्व्हर सुरू करायची सोय आहे. ती चालू केली की एक पत्ता मिळतो, त्यात शेवटी पोर्टचा (संगणकावरच्या त्या सेवेच्या दाराचा) आकडाही असतो, उदाहरणार्थ ८०८०. तो पत्ता सहभागींनी ब्राउझरमध्ये टाकायचा.

इथे तीन ठिकाणी अडतं. विंडोजची फायरवॉल इंटरनेट नसलेल्या नव्या नेटवर्कला 'सार्वजनिक' समजते आणि बाहेरून येणारी जोडणी रोखते. किविक्सला आधीच परवानगी द्या आणि दुसऱ्या फोनवरून उघडून खात्री करा. लोक नुसता आकडा टाइप करतात, ब्राउझर त्याचा शोध घेतो किंवा सुरक्षित जोडणी मागतो, म्हणून पत्ता सुरुवातीच्या 'एचटीटीपी'सकट फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. तिसरं म्हणजे फोनला कळतं की या वायफायवर इंटरनेट नाही, आणि तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. पान उघडत नाही आणि कारणही दिसत नाही. सुरुवातीलाच सगळ्यांना मोबाइल डेटा बंद करायला सांगा, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं राहू द्यायचं का' असं फोनने विचारलं तर 'हो' म्हणायला सांगा.

क्यूआर कोड पडद्यावर दाखवणार असाल तर कोडची रुंदी अंतराच्या एक दशांश हवी. मागची रांग १० मीटरवर असेल तर १ मीटरचा कोड. त्यापेक्षा छापून प्रत्येक टेबलावर ठेवलेला बरा. एक कोड वायफायला जोडण्याचा, दुसरा पत्त्याचा.

कुठल्याही खात्याची गरज पडू देऊ नका. एकाच खोलीतून, म्हणजे बाहेरून पाहता एकाच पत्त्यावरून, वीस जणांनी नवी खाती उघडायला घेतली की सेवा संशय घेतात आणि फोन क्रमांकाची पडताळणी मागतात. शाळेने दिलेल्या खात्यांवर संस्थेबाहेरची कागदपत्रं उघडायला बंदी असू शकते. पासवर्ड तर निम्म्यांना आठवत नाही.

९० मिनिटांतली हातात ७५ धरा, कारण आधीचं सत्र लांबतं आणि लोक चहावरून उशिरा येतात. पहिली १० जोडणीसाठी. या वेळात तुम्ही बोलू नका, दोन मदतनिसांसह टेबलांमधून फिरा. पुढची ५ दाखवण्यासाठी, ३५ प्रत्यक्ष कामासाठी, १५ कोहासाठी, १० प्रश्नांसाठी. कामाचा कागद एकच पान ठेवा. 'शोधून बघा' असं मोघम नको. एका विषयावरचे दोन लेख शोधा, त्यांतली एक माहिती जुळते का पाहा, आणि त्यावरून आपल्या वर्गासाठी तीन प्रश्न तयार करा, इतकं नेमकं द्या. शोधताना शीर्षकातलं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर लेख सुचवला जात नाही, आणि काही छोट्या संचांत लेखाच्या आतल्या मजकुराचा शोधच नसतो. कागदावरचा प्रत्येक शब्द आधी स्वतः शोधून पाहा.

कोहाचं प्रात्यक्षिक लॅपटॉपवरच्या आभासी यंत्रात (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या दुसऱ्या संगणकात) ठेवा आणि सुरू करण्यापूर्वी त्याची स्थिती साठवून ठेवा, बिघडलं तर मिनिटात मागे जाता येतं. क्रम असा : आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) स्कॅन, झेड३९.५० (ग्रंथालयांच्या यादीतून नोंदी मागवायची ठरलेली पद्धत) ने दुसऱ्या ग्रंथालयातून नोंद आणणं, प्रतीला बारकोड, पुस्तक देणं, परत घेणं. झेड३९.५० बहुधा २१० क्रमांकाच्या पोर्टवरून चालतं आणि सभागृहाची नेटवर्कं अनेकदा ८० आणि ४४३ सोडून बाकी बंद ठेवतात. म्हणून पाच पुस्तकांच्या मार्क नोंदी (ग्रंथालयांच्या ठरावीक साच्यातल्या नोंदी) फाइलमध्ये जवळ ठेवा आणि गरज पडली तर त्या आयात करा. मराठी पुस्तकाची नोंद परक्या ग्रंथालयात सापडेलच असं नाही, तेव्हा आधी तपासलेलीच पुस्तकं न्या. १९७० च्या आधीच्या पुस्तकावर आयएसबीएन शोधायला जाऊ नका. नवी भरलेली नोंद शोधात लगेच दिसत नाही, अनुक्रमणिका ताजी व्हायला थोडा वेळ लागतो. त्या वेळात बारकोडबद्दल बोला. देवघेवीचा नियम भरलेला नसेल तर पुस्तक देताना कोहा अडवतं. स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो, त्यामुळे कीबोर्डची भाषा इंग्रजी आहे ना ते पाहा, नाहीतर भलतीच अक्षरं उमटू शकतात. आणि वर्गणीदार काल्पनिकच हवेत. खऱ्या विद्यार्थ्यांची नावं, त्यांनी नेलेली पुस्तकं पडद्यावर येता कामा नयेत.

प्रोजेक्टरचं थोडक्यात : एचडीएमआय केबल स्वतःची न्या, कारण लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येतंच असं नाही. स्लाइड पीडीएफमध्येही ठेवा. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर हमखास विस्कटतो. विजेसाठी ६५ वॅटचे २० चार्जर धरले तर १३०० वॅट होतात. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा खोचत जाऊ नका, भिंतीवरच्या वेगवेगळ्या जागांतून वीज घ्या.

झिम फाइल घरी न्यायला सगळेच मागतात. विकिपीडियाचा मजकूर खुल्या परवान्याचा असल्याने द्यायला हरकत नाही, पण वेळेचा हिशेब ठेवा : २ जीबीची फाइल सेकंदाला २० एमबीने उतरली तरी १०० सेकंद, चाळीस जणांना एकामागून एक तासाहून जास्त. पेनड्राइव्ह आल्याआल्या दारातच गोळा करा, नावाची चिठ्ठी चिकटवा आणि सत्र चालू असताना एका मदतनिसाला दोन लॅपटॉपवर कॉपी करायला बसवा. फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असेल तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर, कितीही जागा मोकळी असली तरी, ती चढत नाही. तो एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो, आणि त्यात आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका.