एसएसडी बसवता येणारा छोटा डॉक कोकणात घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्यात राहून घरून काम करता, लॅपटॉपला दोनच टाइप-सी पोर्ट आहेत, आतली ५१२ जीबीची एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) भरत आलीय. तर मॉनिटर, लॅन, कार्ड रीडर आणि आत एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) एसएसडी बसवायची जागा असा एकच छोटा डॉक, म्हणजे एका केबलने लॅपटॉपला जोडायचा डबा घ्यावा, की साधा हब आणि वेगळी एक्स्टर्नल ड्राइव्ह?

एका टेबलावर बसून काम होत असेल तर डॉकच घ्या. मात्र दोन गोष्टी तपासून घ्या. मॉनिटर जोडल्यावर त्या एसएसडीचा वेग किती उरतो, ही पहिली. लाईट गेल्यावर ती एसएसडी लॅपटॉपला दिसत राहते का, ही दुसरी. यूट्यूबवरच्या परीक्षणांत ही दुसरी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर तीच सगळ्यात महत्त्वाची.

मी कुडाळला असतो. जत्रांमधल्या दशावताराचं चित्रीकरण आणि संकलन करतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की नाटक मध्यरात्रीच्या आसपास उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. दशावतारात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, कथा ठरलेली असते आणि नट उभ्या उभ्या बोलतो. त्यामुळे आजचा प्रयोग उद्या तसाच्या तसा होत नाही, आणि गेलेली फाइल पुन्हा मिळत नाही. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने केलं तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे, चार तास, म्हणजे ३६० जीबी. सकाळी कार्डं रिकामी व्हायलाच हवीत, कारण रात्री दुसऱ्या गावची जत्रा असते. एवढा डेटा लोंबत्या ड्राइव्हवर उतरवताना लॅपटॉप जरा सरकवला की केबल हलते आणि कॉपी तुटते. डॉकमध्ये एसएसडी स्क्रूने घट्ट बसलेली असते, हा मोठा फायदा. तोटाही त्यातच आहे: मॉनिटर, लॅन आणि डेटा हे सगळं एकाच केबलवर येतं.

आता वेगाचं बघू. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटासाठी चार लेन, म्हणजे तारांच्या चार वाटा असतात. साध्या यूएसबी डॉकमध्ये मॉनिटर आणि यूएसबी दोघांनाही त्यातूनच वाटा मिळतो. डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र पाठवायची पद्धत) १.२ वर ४के ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर चारही लेन मॉनिटरकडे जातात आणि बाकी सगळ्याला उरतं जुनं यूएसबी २.०, म्हणजे ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. कितीही महागाची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एम.२ एसएसडी) बसवा, ती एवढ्यावरच चालणार. त्यात कार्ड रीडरही त्याच डॉकचा असेल तर कार्डावरून वाचणं आणि एसएसडीवर लिहिणं दोन्ही त्याच वाटेने होतं, आणि यूएसबी २.० एका वेळी एकाच दिशेने चालतं. म्हणजे वेग आणखी निम्मा. वरच्या ३६० जीबीला पाच तास लागतील.

दोन लेन मॉनिटरला आणि दोन यूएसबीला अशी वाटणी करणारे डॉक असतात. त्यांच्यावर १० गिगाबिटचं यूएसबी टिकतं, एसएसडी सेकंदाला ९००-१००० एमबीपर्यंत जाते, पण डिस्प्लेपोर्ट १.२ वर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं. ३० हर्ट्झवर माऊससुद्धा अडखळत चालल्यासारखा वाटतो, दिवसभर काम करायला त्रासदायक. लॅपटॉप आणि डॉक दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन लेनमध्येही ४के ६० बसतं, आणि तुम्ही तेच शोधावं असं माझं मत आहे. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर मात्र प्रश्नच मिटला, तो दोन लेनमध्ये आरामात चालतो. थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ च्या ४० गिगाबिट डॉकमध्ये ही ओढाताण बरीच कमी असते, पण किंमत ऐकून विचार करावा लागतो, आणि लॅपटॉपचा पोर्टही तसा असावा लागतो.

बॉक्सवर हे क्वचितच स्पष्ट लिहिलेलं असतं. दहा-वीस जीबीची एकच मोठी फाइल मॉनिटर काढून एसएसडीवर कॉपी करा, मग मॉनिटर लावून पुन्हा करा. दोन्ही वेळचा वेग सारखा आला तर डॉक तुमच्या कामाचा.

सगळ्यात जपायचं ते लाईट गेल्यावर काय होतं याला. या छोट्या डॉकना बहुतेक वेळा स्वतःचा अडॅप्टर नसतो. लॅपटॉपचा चार्जर डॉकला लावायचा, डॉक १० ते १५ वॉट स्वतःला ठेवून उरलेलं लॅपटॉपला देतो. लाईट गेली की चार्जर मेला, आणि डॉकला त्याच क्षणी उलट लॅपटॉपकडून वीज घ्यावी लागते. यूएसबीच्या पॉवर डिलिव्हरीत (केबलवरून वीज देण्याघेण्याच्या पद्धतीत) यासाठी ‘फास्ट रोल स्वॅप’ नावाची सोय आहे, पण ती डॉक आणि लॅपटॉप दोघांतही असावी लागते. नसेल तर काय होतं ते मी टेबलावर पाहिलंय: मॉनिटर काळा होतो, विंडोजचा डिव्हाइस तुटल्याचा आवाज येतो, सेकंदा-दोन सेकंदांत पुन्हा जोडल्याचा आवाज येतो, आणि कॉपीच्या खिडकीत एरर उभी असते. लाईट परत आली की हाच प्रकार पुन्हा, कारण विजेची बोलणी नव्याने होतात. पावसात लाईट अर्ध्या तासात चार वेळा ये-जा करते तेव्हा एसएसडीही तितक्या वेळा निघते आणि जोडली जाते. आतली एसएसडी लॅपटॉपच्या बॅटरीवर निवांत चालू असते, डॉकमधली मात्र मधल्या मध्ये लटकते.

म्हणून डॉक आल्या आल्या ही चाचणी करा. एसएसडीवर महत्त्वाचं काही नसताना मोठी फाइल कॉपीला लावा आणि चार्जरच्या सॉकेटचं बटण बंद करा. पाच मिनिटांनी चालू करा. कॉपी दोन्ही वेळा न थांबता चालली तर उत्तम. थांबली तर डॉक बदला, किंवा चार्जरचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढं बहुतेक अडॅप्टर सांभाळून घेतात आणि डॉकला कळतही नाही. तरी चाचणी इन्व्हर्टरवरही करून बघा, मेन स्विच पाडून.

फक्त विंडोजवर काम असेल तर ही एसएसडी एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस आणि एक्सफॅट या ड्राइव्हवर फाइली मांडायच्या दोन पद्धती. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता संपर्क तुटला तर फाइलींची यादीच बिघडण्याची भीती जास्त. एनटीएफएस निदान ती यादी सावरतं, अर्धवट लिहिलेली फाइल मात्र तेही वाचवू शकत नाही. मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅटला पर्याय नाही, कारण मॅक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून त्यावर लिहीत नाही. आणि ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय केबल काढायची नाही.

एसएसडी निवडताना फार डोकं शिणवू नका. डॉक एनव्हीएमई घेतो की साटा एम.२ (जुना, कमी वेगाचा प्रकार), आणि लांबी २२८० (८० मिमी) चालते की २२३० (३० मिमी), एवढं नीट वाचा. १० गिगाबिटच्या डॉकमध्ये जनरेशन ४ च्या (जास्त वेगाच्या) ड्राइव्हचे जादा पैसे वाया जातात. चिपच्या प्रकारात क्यूएलसीपेक्षा टीएलसी घ्या. क्यूएलसीची कॅशे (वेगाने लिहायची तात्पुरती जागा) भरली की सलग मोठ्या कॉपीत वेग खूप घसरतो, आणि आमच्यासारख्यांची कॉपी सलगच असते. थर्मल पॅड (उष्णता बाहेर नेणारी मऊ पट्टी) डॉकसोबत आला असेल तर नक्की लावा. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा धातूचा डॉक हाताला चांगलाच गरम लागतो, आणि तापलेली एनव्हीएमई स्वतःचा वेग स्वतःच कमी करते.

खारं वारं आणि दमट हवा हा आपला कायमचा मुक्काम. रोज चालू असलेला डॉक थोडा कोमट राहतो, म्हणून तो फारसा बिघडत नाही. धोका असतो बंद पडून राहिलेल्याला. पावसाळ्यात आठवडाभर वापरणार नसाल तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. न वापरलेल्या पोर्टना रबरी टोपण मिळतं, ते समुद्राजवळच्या घरात तरी लावाच.

धातूच्या डॉकला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरचं अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग कमजोर पडतं. मीठ-कोळसा घालून केलेल्या खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. वळवाच्या पावसात विजा चमकायला लागल्या की चार्जरसोबत डॉकची लॅन केबलही काढा. ती तांब्याची असते, त्या वाटेनेही झटका आत येतो, आणि आता त्याच डब्यात तुमचा डेटा आहे.

शेवटचं, आणि यात तडजोड करू नका: डॉकमधल्या एसएसडीवर कुठल्याही फाइलची एकमेव प्रत ठेवू नका. ती कामाची जागा समजा. माझं काम संपलं की फाइली साध्या हार्ड डिस्कवर जातात, आणि आणखी एक हार्ड डिस्क दुसऱ्या गावात नातेवाइकांकडे असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आपल्या दारावरून गेलं. दोन्ही वेळा घरांचे पत्रे उडाले, कौलं फुटली, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तशा वेळी दोन प्रती एकाच कपाटात असल्या तर त्यांचा उपयोग एकाच प्रतीइतका.

ऑनलाइन मागवणार असाल तर परत पाठवायची मुदत आधी बघा. आपल्याकडे कुरियर उशिरा येतं आणि परत न्यायलाही उशिरा येतं. त्यामुळे एसएसडी आणि डॉक एकाच वेळी मागवा, म्हणजे वेगाची आणि लाईटची अशा दोन्ही चाचण्या मुदतीत होतील. लॅपटॉपचं नेमकं मॉडेल आणि मॉनिटर ४के आहे की नाही एवढं लिहिलंत, तर लेनचा हिशोब मी करून सांगतो.